आतून पाच फूट साडेसात इंच

आखणीच्या दिवशी टेपाचं शून्याचं टोक बाईच्या हातात होतं, दुसरं मिस्त्रीच्या आणि वही माझ्या. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. त्या दिवसाचे सगळे आकडे त्या वहीत आहेत. खाली देतो ते तिथलेच. त्यातला एक चुकीचा निघाला, तोही सांगतो.

मी चिखलीत धर्मकाट्यावर कामाला आहे. भरलेली गाडी काट्यावर येते, मी वजन घेतो. रिकामी होऊन येते, पुन्हा घेतो. वजाबाकी करून पावती फाडतो. सोयाबीन असो, गिट्टी असो. चोवीस वर्षांत माझ्या पावतीवर कोणी भांडलेलं नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या दिवशी मी जे जे आकडे बोललो ते सगळ्यांनी निमूट मानले, त्याचं कारण एवढंच होतं.

प्लॉट वडिलांनी घेऊन ठेवलेला. तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे चौरस फूट. ते गेल्यावर त्यावर दोन नावं लागली, बाईचं आणि माझं. बाईला नांदुऱ्याला दिली होती. लग्नाच्या सहाव्या वर्षी नवऱ्यानं दुसरी घरात आणली, आणि बाई एक पेटी आणि शिलाई मशीन घेऊन एसटीनं परत आली. पोरबाळ नव्हतं. त्यानंतर आईचं अंथरूण आणि मग वडिलांचं अंथरूण तिनं काढलं. मी काट्यावर असायचो.

घर बांधायचं ठरलं तेव्हा मी तिला हक्कसोड करून द्यायला सांगितलं. दोन नावं म्हणजे प्रत्येक कागदावर दोन सह्या. आमच्या नात्यात बहिणी हक्कसोड देतातच, न दिलेली मला एकही माहीत नाही. रजिस्ट्रीच्या ऑफिसात साहेबानं तिला विचारलं, "कोणाच्या दबावाखाली सही करत नाही ना?" ती म्हणाली, "नाही." अंगठ्याचा ठसा घेतला, फोटो काढला. बाहेर येऊन पायऱ्यांवर तिनं पदराला बोट पुसलं आणि मला विचारलं, "भाऊ, माही जागा राह्यन ना?"

मी म्हणालो, "तुही जागा राह्यन."

जागा हाच शब्द होता. ती तोच बोलली आणि मीही तोच. कागदातही तोच होता: सदर जागेतील आपला अविभक्त हिस्सा. एका सहीनं तिनं एक जागा सोडली आणि दुसरी मागितली. किती बाय किती, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि मी तर दिवसभर तेच काम करतो.

नकाशा बुलढाण्याच्या इंजिनिअरनं काढला. त्यात बाईची खोली होती, रस्त्याच्या बाजूला, दहा बाय नऊ. रस्त्याकडे खिडकी. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायांना घरात शिरावं लागू नये म्हणून बाहेरून दार. बाईनं माझ्या मोबाईलवर तो नकाशा दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि मशीन कुठं येईल ते नखानं दाखवलं. "खिडकी डाव्या हाताले पाह्यजे," म्हणाली. "सुईवर सावली नाई पडत." नकाशात ती डाव्याच हाताला होती. नकाशाबरोबर इंजिनिअरनं घराचं एक रंगीत चित्रही पाठवलं होतं. घरासमोर पांढरी कार उभी होती. कार आमच्याकडे नव्हती. ती चित्रात फुकट आली होती.

आखणीला सकाळी सात वाजता मिस्त्री दोन मजूर घेऊन आला. खुंट्या, सुतळी, फक्कीची गोणी. फक्की म्हणजे चुन्याची पूड, सुतळीच्या खालून जमिनीवर रेघ मारायला. मिस्त्री पन्नाशीचा, तोंडाचा मोकळा. आधी पूजा झाली. माझ्या बायकोनं ईशान्येच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहिलं. बाई ताट घ्यायला पुढं झाली, तर बायको म्हणाली, "बाई, तुमी टेप धरा. मिस्त्रीले माणूस लागते."

पूजेच्या वेळी टेप कोणालाच लागत नव्हता. तो गोणीवर पडला होता. बाईनं तो उचलला आणि नारळ फुटेपर्यंत तो हातात धरून लांब उभी राहिली. सवाष्ण तीही होती, नवरा नांदुऱ्यात जिवंत होता. पण नवऱ्यानं टाकलेली बाई कुठं उभी करायची हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

त्यामुळे दिवसभर शून्याचं टोक तिच्याकडे राहिलं. मिस्त्री तिला खुंटीपाशी बसायला सांगायचा आणि स्वतः टेप ओढत जायचा. "धरलं का बाई?" "धरलं." "हलू नका." मी आकडा लिहायचो.

घराची बाहेरची चौकट चोवीस बाय बत्तीस. भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, आखणी तशीच होते. चोवीस आणि बत्तीसचा कर्ण बरोबर चाळीस येतो. कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरला, चाळीस आला. उलट बाजूनं धरला, चाळीस.

"चाळीसले चाळीस!" मिस्त्री ओरडला. "साहेब, आता चहा पाजा. पोट्टे काटकोनाचा गुण्या लावूनही असं नाई आखत."

बाईनं टेप खाली ठेवून सगळ्यांना चहा दिला. घरून थर्मासमध्ये तिनंच आणला होता.

मग आतल्या खोल्या. हॉल चौदा बाय सोळा आखून झाला तशी बायको रेघ ओलांडून मधोमध जाऊन उभी राहिली आणि चारी बाजूंना पाहिलं. "हे काय? एवढासाक हॉल?"

घर बांधलेल्या प्रत्येकाला हे माहीत असेल. मोकळ्या रानात फक्कीच्या रेघांची खोली कोंबडीच्या खुराड्याएवढी दिसते. वर आभाळ असतं, त्याच्यापुढं चौदा फूट म्हणजे काहीच नाही. मिस्त्रीनं समजावून सांगितलं, "वहिनी, जमिनीवर घर लहानच दिसते. भिंती उठू द्या, तुमीच म्हणान का झाडून काढता काढता कंबर गेली."

"मले नका सांगू. माह्या भावाचा हॉल पाहा. याच्यात सोफा ठेवला का माणसं कुठी बसवू?"

मला आकडे कळत होते. चौदा फूट म्हणजे चौदा फूट, आभाळाखालीही आणि छताखालीही. हे मी बोलायला हवं होतं. मी वही उघडली आणि हॉलची रुंदी सोळा केली. ते दोन फूट बाईच्या खोलीतून घेतले. दहाची खोली आठची झाली. बाई शून्याच्या टोकाशी बसली होती. खुंटी उपटून पुढं रोवली तशी तीही सरकून नव्या जागी बसली.

"धरलं का बाई?"

"धरलं."

त्यानंतर बायकोनं मोबाईल काढला आणि मिस्त्रीला ते रंगीत चित्र दाखवलं. "याच्यात गाडी कुठी उभी हाय?"

मिस्त्रीनं चित्र पाहिलं, जमीन पाहिली आणि हसला. "वहिनी, हे गाडी तर बाईच्या खोलीत उभी हाय."

दोन्ही मजूर हसले. बाईही हसली.

"मंग गाडी घ्याची नाई का कधी?" बायको मला म्हणाली.

मी हिशोब केला. बाईची खोली रस्त्याकडून आत नऊ फूट, तिच्यापुढं सोडलेली मोकळी जागा पाच फूट, मिळून चौदा. गाडी बसत होती. त्यामागं दहा बाय सातचं कोठीघर होतं, धान्याच्या कोठ्यांसाठी. हॉलनं दोन फूट घेतल्यावर तेही आठ बाय सात झालं होतं. मी म्हणालो, बाईची खोली मागं घेऊ. कोठ्याही तिथंच राहतील, दोन फूट रुंद कडप्प्याच्या फळीवर एका बाजूला.

"आन मशीन?" 'धरलं'शिवाय बाई पहिल्यांदा काही बोलली.

"पोर्चात ठेवा," बायको म्हणाली. "गाडी येईलोक. उजेडही मस्त भेटते तठी."

कोठीघराच्या मागं स्वयंपाकघर. ते आखताना बायकोला ओट्यापाशी एक फूट कमी वाटलं. मी विचारलंही नाही. सातचे सहा केले.

वहीत हे एकाखाली एक आहे. नव्वद चौरस फूट, बहात्तर, छप्पन्न, अठ्ठेचाळीस. प्रत्येक ओळीसमोर कारण लिहिलेलं आहे. सकाळी सातला सुरुवात झाली होती, अकरा वाजले होते.

सहा बाय आठच्या खुंट्या रोवायच्या आधी मिस्त्रीनं काठीनं मातीत कच्च्या रेघा ओढल्या आणि बाईला म्हणाला, "पाहून घ्या बाई, तुमचा महाल."

बाई आत गेली. आधी उभी राहिली. मग कोठ्यांची बाजू सोडून खाली बसली आणि पदर नीट करून त्या मातीत सरळ आडवी झाली. डोकं एका रेघेशी, पाय दुसऱ्या रेघेकडे. वर ऊन होतं, तिनं डोळे मिटले होते. बाई पाच फूट एक इंच आहे.

"माणूस मावते," मिस्त्री म्हणाला.

"माणूस मावते रे बाबा," ती झोपूनच म्हणाली. "खाट नाई मावत."

तिची खाट सहा फूट तीन इंच. आईची होती. मी वहीत गणित केलं आणि तिला वाचून दाखवलं. आडवी टाकली तर एक भिंत बाहेरची, जाड; ती आणि कडप्पा सोडून पाच फूट पाच इंच. उभी टाकली तर सहा फुटांतून दोन्हीकडच्या अर्ध्या अर्ध्या भिंती जाऊन आतून पाच फूट साडेसात इंच. "खाट बसत नाई," मी म्हणालो. "पण पाच फूट साडेसात इंच पुरे तुहे. त्यातला इंचही कोणी घेणार नाई."

तिनं डोळे उघडले. "पाच फूट साडेसात," ती म्हणाली. शिंपीण होती, आकडा एकदा ऐकला की तिला पुरायचा. उठली, पाठीची माती तिनं स्वतःच जमेल तेवढी झटकली आणि टेप घेऊन खुंटीपाशी जाऊन बसली.

मिस्त्रीनं टेप ओढला, एका बाजूला सहा फुटांवर खुंटी ठोकली, मग दुसऱ्या बाजूला. पुढच्या खोलीची ठोकायच्या आधी मी म्हणालो, थांबा, कर्ण पाहू. सहा आणि आठचा कर्ण दहा. हा हिशोब तोंडी आहे. एक कर्ण धरला, बरोबर दहा. दुसरा धरला, दहा फूट पाच इंच.

पुन्हा धरला. दहा फूट पाच इंच.

मिस्त्री माझ्याकडं पाहत नव्हता. तो नुकत्या ठोकलेल्या खुंटीकडं पाहत होता, मग बाईकडं. मला वाटतं त्याला माझ्या आधी कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "राहू द्या साहेब. किचनले आठ इंचानं काय फरक पडते? म्या वट्ट्यात जुळवून देतो."

आठ इंच, हे त्यानं मोजल्याशिवाय सांगितलं. मी सहा फुटांचा टेप पुन्हा धरायला लावला आणि या वेळी बाईच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. तिचा पदर हातावर होता. मी तो बाजूला केला. शून्याचं टोक खुंटीवर नव्हतं, खुंटीच्या एक वीत आत होतं. तिची वीत आठ इंचांची आहे. खाटेला जवळजवळ तेवढीच कमी पडत होती. पाच फूट साडेसात अधिक आठ, सहा फूट साडेतीन. खाट बसली असती, अर्धा इंच उरवून.

काट्यावर लोक काय काय करतात ते मी चोवीस वर्षं पाहतो आहे. ट्रॉली रिकामी तोलताना कोणी ड्रायव्हर मागून हळूच काट्यावर एक पाय टेकवतो. मी केबिनमधून ओरडतो, पाय काढ बे. त्या ड्रायव्हरला ओरडावं तसं, त्याच आवाजात, दोन मजुरांसमोर आणि मिस्त्रीसमोर मी माझ्या मोठ्या बहिणीला म्हणालो, "काऊन बे, घरातल्या घरात चोरी करून राह्यली का?"

बायकोनं हसू दाबायला तोंडावर पदर धरला. मजूर खाली पाहायला लागले.

बाईनं टेप सोडला नाही. हात तसाच मातीवर ठेवून ती मला म्हणाली, "भाऊ, एक सांग. म्या सही केली थ्या जाग्यात माही किती होती?"

मी आकडा चुकवत नाही. "सहाशे फूट."

"आन हे?"

"अठ्ठेचाळीस."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "तुहं मोजणं कधी चुकत नाई."

ती उठली. पलीकडं जाऊन तिनं ती खुंटी दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली, भोकात माती लोटून पायानं दाबली. मग टोक खुंटीवर बोटानं पक्कं दाबून बसली आणि मिस्त्रीला म्हणाली, "ओढा." या वेळी पदर कमरेला खोचलेला होता, टोक सगळ्यांना दिसेल असा. कर्ण दहा आला. दोन्हीकडून दहा. मी वहीत टिक केली.

संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या खुंट्यांना तिनंच टोक धरलं. एकही कर्ण चुकला नाही. शेवटी मजुरांनी फक्की ओतली. पांढऱ्या रेघांचं अख्खं घर जमिनीवर उमटलं. बायकोनं त्याचा फोटो काढून भावाला पाठवला.

भिंती उठल्या तसा मिस्त्रीचा शब्द खरा झाला. हॉल सोळा बाय सोळाचा निघाला आणि सोळा बाय सोळासारखाच दिसायला लागला. सोफा ठेवला तरी मधे बरीच जागा उरली. बायको आता म्हणते, घर खाली खाली वाटते. गाडी अजून घेतलेली नाही. पोर्चात बाईची खाट आहे. पाहुणे आले की त्यावर बसतात, आणि कोणी विचारलं तर बायको सांगते, बाईची स्वतंत्र जागा हाय मागं.

एक गोष्ट राहिली. प्लास्टरच्या वेळी मिस्त्री माझ्याकडं काट्यावर आला. गाड्यांची रांग होती. तो केबिनच्या खिडकीशी बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, बाई म्हणून राह्यल्या का त्याहीच्या खोलीले प्लास्टर नका मारू."

"काऊन?"

"दोन्हीकून अर्धा अर्धा इंच जाते ना. त्या म्हणते, भावानं पाच फूट साडेसात सांगतलं, तेवढं भेटू द्या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आखणीच्या दिवशी मी भिंतींची जाडी वजा केली होती, प्लास्टरची नाही. तिनं चोरलेली वीत मी तशीच ठेवली असती तरी प्लास्टरनंतर खाट अर्ध्या इंचानं बसली नसती. आणि तिला सगळ्यांसमोर मी जो एकच आकडा तोंडानं देऊन बसलो होतो, तोच एका इंचानं खोटा होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझी पावती परत आली होती.

मिस्त्री वाट पाहत होता. मागं एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता.

मी म्हणालो, "तठी धान्य राह्यते. उघड्या विटेले ओल धरते. मारून टाका."

"साहेब, म्या नुस्ता पातळ हात देतो…"

"पूर्ण मारा."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बाई तिची पेटी ठेवायला खोलीत गेली होती. मी कोठ्यांची जागा पाहायला गेलो, तर ती गळ्यातला शिलाईचा टेप काढून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धरत होती. एकटीनं धरायचा म्हणून शून्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं होतं आणि दुसरं हातानं ओढलं होतं. मला पाहून ती थांबली नाही. आकडा वाचला, टेप गुंडाळला.

"भाऊ, एक इंच कमी हाय."

"प्लास्टरचा हाय तो," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली आणि पेटी भिंतीला लावायला लागली.

मी तिथंच उभ्या उभ्या खिशातून वही काढली, साडेसातावर काट मारली आणि बाजूला साडेसहा लिहिलं.